वॉल्टर कॅम्प

वॉल्टर चॉन्सी कॅम्प (७ एप्रिल, १८५९ – १४ मार्च, १९२५) हे अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू, प्रशिक्षक, लेखक व नियमकर्ते होते. त्यांना या खेळाचे जनक मानले जाते.

जीवन

कॅम्प यांचा जन्म अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे झाला. १८७६ मध्ये ते येल विद्यापीठात दाखल झाले व तेथील संघातून खेळू लागले. पुढे त्यांनी न्यू हेवन येथील घड्याळांच्या कंपनीत नोकरी केली आणि कालांतराने ते तिचे अध्यक्ष झाले. १८८८ ते १८९२ या काळात ते येल संघाचे प्रशिक्षक होते. नोकरीमुळे सरावास जाता येत नसे, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस मैदानावर जाऊन निरीक्षण करीत व सायंकाळी त्यांना वृत्तांत सांगत.

नियमांची घडण

रग्बीच्या पद्धतीने खेळताना चेंडू कोणाच्या हाती येईल, हे झटापटीवर ठरत असे. १८८० मध्ये कॅम्प यांच्या सूचनेवरून चेंडू एका संघाच्या निर्विवाद ताब्यात देण्याची पद्धत आली आणि संघातील खेळाडूंची संख्या १५ वरून ११ झाली. मात्र या सुधारणेतून नवा दोष निर्माण झाला. ताबा सोडण्याचे बंधन नसल्याने १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात प्रत्येक संघाने एकेक अर्ध चेंडू नुसता राखून ठेवला व सामना गुणांविना संपला.

यावर उपाय म्हणून १८८२ मध्ये नियम झाला : सलग तीन ‘डाऊन’मध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, संघाने ५ यार्ड पुढे जावे किंवा १० यार्ड मागे हटावे, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. मागे हटणाऱ्याकडेच चेंडू राहावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु येथे गमावलेली जमीन हेच ताब्याचे मोल होते. जागच्या जागी वेळ काढणाऱ्याला मात्र चेंडू सोडावा लागे. अंतर मोजण्यासाठी मैदानावर दर ५ यार्डांवर रेषा आखल्या गेल्या. त्यामुळे मैदान भाजणीच्या लोखंडी जाळीसारखे दिसू लागले व त्यास ‘ग्रिडायर्न’ हे नाव पडले.

हिंसाचार व सुधारणा

थोडे अंतर कापण्यासाठी खेळाडू घोळक्याने धडका देऊ लागले. १९०५ पर्यंत मृत्यू व दुखापती इतक्या वाढल्या, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी येल, हार्वर्ड व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. कॅम्प त्यांत होते. १९०६ मध्ये तीन प्रयत्नांतील अंतर १० यार्ड झाले आणि चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. कॅम्प यांचा ओढा अंतर वाढवण्याकडे होता. पुढे फेकण्याविषयी ते साशंक होते. त्यामुळेच की काय, आरंभी फसलेल्या फेकीस जबर शिक्षा असे. १९१२ मध्ये प्रयत्नांची संख्या ४ झाली व आजचा नियम आकाराला आला.

अखेर व वारसा

पहिल्या महायुद्धकाळात त्यांनी सुचवलेले ‘डेली डझन’ हे बारा व्यायामप्रकार लोकप्रिय झाले. १९२५ मध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी न्यू यॉर्कला गेले असता त्यांचे निधन झाले. दहा यार्डांचा हिशेब आजही प्रत्येक सामन्यात मोजला जातो.