जोतीराव आणि त्यांचे मारेकरी

बांधाच्या भांडणापायी आमचे आणि चुलत्यांचे घर आठ वर्षे बोलत नाही. मीही तो राग पोसत आलो. म्हणूनच महात्मा फुले यांच्या चरित्रातील एका प्रसंगाशी मी थबकलो.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि लोकांच्या धाकाने वडिलांनी त्यांना सावित्रीबाईंसह घराबाहेर काढले. पुढे एका रात्री रोडे आणि धोंडिराम कुंभार हे दोघे त्यांना मारायला घरात शिरले. पैशासाठी आलो, असे त्यांनी कबूल करताच जोतीरावांनी मान पुढे केली, असे चरित्रकार सांगतात. दोघेही त्यांच्या पायांवर पडले.

येथवर समजते. पण पुढे रोडे त्यांचा रक्षक झाला आणि धोंडिरामाला त्यांनी शिकवले; तो सत्यशोधक समाजाचा पंडित झाला! जोतीरावांना राग नव्हता असे कोण म्हणेल? १८७३ ची ‘गुलामगिरी’ वाचावी. तो राग दोन गरीब माणसांवर मात्र निघाला नाही.

चुलत्यांचा धाकटा यंदा विट्याला अकरावीत आला आहे. त्याला माझ्या जुन्या वह्या हव्या आहेत, असे आईकडून कळले. काल त्या माळ्यावरून काढल्या. अजून दिलेल्या नाहीत.