कर्मवीर भाऊराव पाटील : श्रमाच्या मोलाने विद्या

गरिबाचा मुलगा महाविद्यालयापर्यंत का पोहोचत नाही, असे विचारले म्हणजे बहुतेक लोक फीकडे बोट दाखवितात. फीची अडचण खरी. परंतु तिच्यामागे आणखी मोठ्या अडचणी उभ्या असतात. मुलगा शिकावयास गेला की घरातील दोन कमावते हात कमी होतात. परगावी राहावयाचे तर छप्पर हवे, दोन वेळचे अन्न हवे. आणि सुखवस्तू मुलांच्या शेजारी विरलेला सदरा घालून बसण्याचा संकोच असतो, तो निराळाच. या सर्व अडचणींवर ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरास शिकत असता शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे त्यांनी जवळून पाहिली. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकच्या आतच थांबले. पुढे साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या व किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरची स्थिती त्यांनी त्या फिरतीतच पाहिली.

१९१९ साली कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या कार्याचा भार सौ. लक्ष्मीबाईंनी किती सोसला, हे विसरता येत नाही. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्या माउलीने अंगावरचे दागिने एकामागून एक दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या; संस्थेचे महाविद्यालय पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आम्हां बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांच्या नावाने भाऊरावांनी १९४० साली साताऱ्यास हायस्कूल काढले. कमवा व शिका हे तेथील सूत्र होते. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर दगडमाती वाहावी आणि त्या श्रमातून आपल्या अन्नाचा व शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी ती व्यवस्था होती. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापून त्यांनी हेच सूत्र उच्च शिक्षणास लावले. १९५४ साली कराडास दुसरे महाविद्यालय निघाले, त्यास निरक्षर संत गाडगे महाराजांचे नाव दिले गेले.

या योजनेचे मर्म आमच्या मते असे की, तीत मुलाला कोणाचे उपकार घ्यावे लागत नव्हते. धर्मादायाने पोट भरते, परंतु मान खाली जाते. स्वतःच्या घामाचे अन्न खाणारा विद्यार्थी वर्गात ताठ मानेने बसे. आणि सारेच कुदळ धरीत, तेव्हा कुदळीची लाज उरत नसे. तथापि दिवसा राबून रात्री अभ्यास करणे सोपे नव्हते. श्रीमंताच्या मुलास जो वेळ फुकट मिळे, तो या मुलांना झोप मोडून मिळवावा लागे. हेही आम्ही नजरेआड करू नये.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. कमवा व शिका ही योजना पुढे अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली. तरी मजुराचा मुलगा प्रवेशपत्र हाती घेऊन राहण्याजेवण्याच्या काळजीत बसतो, हे दृश्य आजही संपलेले नाही. असा एखादा मुलगा आपल्या ओळखीत असेल, तर फीची चौकशी करून आपण थांबू नये. तो जेवतो कोठे आणि अभ्यासास दिवा कोठे मिळतो, हेही विचारावे. भाऊरावांनी आपल्या कार्याचा आरंभ याच प्रश्नापासून केला होता.