ज्या न्यायाधीशाने आपला अपराध पदरी घेतला : सॅम्युएल सूअल यांचे चरित्र

गावात कोणी चोरी केली तर पंच त्याचा न्याय करितात. पंचांकडून अन्याय झाला तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. परंतु वरच्या न्यायासनावर बसलेल्या मनुष्याच्याच हातून निरपराधी माणसे फाशी गेली, आणि त्याजकडून जाब घेणारा देशात कोणी नसला, तर काय करावे? असा प्रसंग सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात आला. त्या वेळी एका न्यायाधीशाने काय केले, हे पुढील चरित्रावरून वाचकांस कळून येईल.

सॅम्युएल सूअल यांचा जन्म इंग्लंडातील हॅम्पशर परगण्यात बिशपस्टोक या गावी २८ मार्च १६५२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असता त्यांचे कुटुंब मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील न्यूबरी गावी येऊन राहिले. हार्वर्ड विद्यालयात अभ्यास करून १६७१ साली ते पदवीधर झाले. पाळकाचे काम पत्करावे असा त्यांचा पहिला विचार होता व त्याकरिता त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यासही केला. परंतु १६७६ साली वसाहतीच्या टांकसाळीचे अधिकारी जॉन हल यांची कन्या हॅना हिजशी त्यांचा विवाह झाला, आणि तेव्हापासून ते बॉस्टन शहरात व्यापार व सरकारी कामे पाहू लागले. त्यांस चौदा मुले झाली. त्यांतील बहुतेक त्यांच्या डोळ्यांदेखत वारली. सुमारे पन्नास वर्षे त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यांच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळसे त्या रोजनिशीवरूनच कळते.

१६९२ सालच्या आरंभी सेलम खेड्यातील पाळकाच्या घरी दोन लहान मुलींस झटके येऊ लागले. वैद्याने हे सैतानाचे काम आहे असे मत दिले. मुलींस खोदून खोदून विचारिले, तेव्हा त्यांनी तीन स्त्रियांची नावे घेतली. एक त्याच घरातील गुलाम बाई होती, दुसरी दारोदार भीक मागणारी होती आणि तिसरी आजारी होती. आधी दुर्बळांवर बोट ठेवावे ही लोकांची रीतच आहे. पुढे आणखी मुली व स्त्रिया झटके येऊन ओरडू लागल्या, आणि हळूहळू दीडशेहून अधिक माणसे चेटकाच्या आरोपावरून धरली गेली. त्यांत शेतकरी होते, मंडळीतील वृद्ध सभासद होते, आणि चार-पाच वर्षांची एक मुलगीही होती.

मे महिन्यात नवीन गव्हर्नर सर विल्यम फिप्स वसाहतीत आले. तुरुंग भरलेले पाहून त्यांनी या खटल्यांकरिता एक खास न्यायालय नेमिले. त्यात नऊ न्यायाधीश होते. विल्यम स्टॉटन हे मुख्य, आणि चाळीस वर्षांचे सूअल हे त्यांपैकी एक. या नऊ जणांत कायद्याचे रीतसर शिक्षण झालेला एकही नव्हता.

या न्यायालयाची रीत कशी होती हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथेच होते. आरोपीच्या बाजूने बोलण्यास वकील नव्हता. पीडित मुली न्यायालयात येऊन सांगत की, अमक्या बाईची आकृती आम्हांस चिमटे घेते, गळा दाबते. ती आकृती त्यांच्यावाचून कोणासही दिसत नसे, तरी ती साक्ष म्हणून मान्य केली जाई. त्या वेळी ती बाई दूर आपल्या घरी होती असे शेजाऱ्यांनी सांगितले तरी उपयोग नव्हता, कारण देह घरी असला तरी आकृती कोठेही फिरू शकते असे मानीत. मग निरपराध्याने आपले निरपराधीपण सिद्ध करावे तरी कसे? याहून वाईट असे की, ज्यांनी आपण चेटूक केले असे कबूल केले त्यांचे प्राण वाचले, आणि खोटे बोलण्यास जे राजी झाले नाहीत तेच फासावर गेले. एक न्यायाधीश, नथॅनिएल सॉल्टनस्टॉल, यांस ही रीत पटली नाही. ते लवकरच न्यायालयातून निघून गेले. सूअल राहिले.

१० जून रोजी ब्रिजेट बिशप हिला पहिली फाशी झाली. त्यानंतर रिबेका नर्स हिचा खटला निघाला. ती ७१ वर्षांची, देवभीरू व कानाने अधू अशी आजीबाई होती. ज्यूरीच्या पंचांनी प्रथम ती निर्दोषी आहे असे सांगितले. ते ऐकताच मुलींनी मोठा आक्रोश केला, आणि मुख्य न्यायाधीशांनी तिच्या एका बोलण्याचा पुन्हा विचार करण्यास पंचांस सुचविले. त्या बोलण्याचा अर्थ तिला विचारिला तेव्हा तिला नीट ऐकू आले नाही व ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यावरून पंचांनी तिला दोषी ठरविले. तिच्या मंडळीनेही तिला बहिष्कृत केले. १९ जुलै रोजी तिला फाशी दिली. १९ ऑगस्ट रोजी जॉर्ज बरोज यांस फाशी झाली. ते पाळक होते, हार्वर्डचेच पदवीधर होते, व सूअल यांची त्यांजशी ओळख होती. चेटक्यास प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही असा लोकांचा समज होता. बरोज यांनी ती फासाखाली उभे राहून बिनचूक म्हटली, तरी फाशी टळली नाही. जाइल्स कोरी नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयापुढे जबाब देण्याचेच नाकारिले, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचीत जाऊन त्याला चिरडून मारिले. एकंदर १४ स्त्रिया व ५ पुरुष फाशी गेले, आणि निदान पाच माणसे तुरुंगात मेली.

ऑक्टोबरात लोकांचे डोळे उघडू लागले. वडील पाळक इन्क्रीज मॅदर यांनी आकृतीच्या साक्षीवर कोणाचाही जीव घेऊ नये असे लिहिले. गव्हर्नरांनी ते खास न्यायालय बंद केले. १६९३ च्या जानेवारीत नवीन वरिष्ठ न्यायालयाने उरलेले खटले चालविले. सूअल याही न्यायालयात होते. आता आकृतीची साक्ष मान्य नव्हती, आणि तेवढ्या एका फरकाने जवळजवळ सर्व आरोपी निर्दोषी ठरले! माणसे तीच, आरोप तेच, न्यायाधीशही बहुतेक तेच. पुराव्याची रीत तेवढी बदलली होती. शेवटी गव्हर्नरांनी उरलेल्यांस सोडून दिले. तथापि तुरुंगातील खाण्याचा व बेड्यांचा खर्च चुकता केल्यावाचून कोणाची सुटका होत नसे, म्हणून निर्दोषी ठरूनही कित्येक गरीब आत अडकून राहिले.

यानंतर सर्वत्र स्तब्धता पसरली. ज्यांनी हे केले तेच वसाहतीचे अधिकारी होते. त्यांस जाब विचारणारे कोणी नव्हते, आणि जो तो ही गोष्ट विसरू पाहत होता. सूअल मोठ्या मानाच्या जागी होते; तेही चार वर्षे मौन धरून राहिले.

१६९६ हे साल त्यांच्या घरास फार दुःखाचे गेले. मे महिन्यात त्यांचा एक मुलगा मृत जन्मला. २३ डिसेंबर रोजी सारा नावाची दोन वर्षांची मुलगी वारली. दुसऱ्या दिवशी, घरात तिचे प्रेत असता, त्यांचा थोरला मुलगा सॅम याने लॅटिन भाषेत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील काही वचने त्यांस म्हणून दाखविली. त्या अध्यायातील सातवे वचन वाचकांनी काढून पाहावे. देव यज्ञ मागत नाही, दया मागतो. हे ज्यांस कळते ते निर्दोष्यांस दोष लावीत नाहीत, असा त्याचा भाव आहे. ते वचन कानी पडताच सेलमची गोष्ट आपल्या मनापुढे भयंकर रीतीने उभी राहिली, अशी नोंद सूअल यांनी रोजनिशीत केली.

पुढे तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ रोजी, वसाहतीच्या सरकारने उपवासाचा दिवस ठरविला होता. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये पाळक सॅम्युएल विलर्ड उपासना चालवीत होते. ते जवळून जात असता सूअल यांनी एक कागद त्यांच्या हाती दिला. पाळक तो वाचू लागले तेव्हा सूअल आपल्या जागी उठून उभे राहिले, आणि वाचन संपेपर्यंत सर्व मंडळीसमोर तसेच उभे होते. त्या कागदात त्यांनी सेलमच्या न्यायालयातील दोष आपणाकडे घेतला होता. आपल्या माहितीतील इतर कोणाहूनही त्यात आपला भाग अधिक आहे, त्याचा ठपका व लाज आपण पत्करतो, मनुष्यांनी आपणांस क्षमा करावी, आणि देवाने या पापाचे फळ आपल्या घरावर व देशावर येऊ देऊ नये म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असा त्यातील आशय होता. वाचन संपल्यावर त्यांनी मान लवविली व मग ते खाली बसले.

मुलींनी आपणांस फसविले, पंचांनी निकाल दिला, मुख्य न्यायाधीशांनी घाई केली, कायदाच तसा होता, असे त्यांस म्हणता आले असते, आणि त्यातील पुष्कळसे खरेही होते. त्यांनी यांतील एकही सबब पुढे केली नाही. त्याच सुमारास ज्यूरीच्या बारा पंचांनी आपल्या सह्या करून क्षमा मागितली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन हे त्या वेळी हंगामी गव्हर्नर होते. त्यांनी मरेपर्यंत आपली चूक कबूल केली नाही.

या कबुलीमुळे सूअल यांची अब्रू गेली काय? मुळीच नाही. ते वरिष्ठ न्यायालयात पुढेही राहिले, १७१८ साली सरन्यायाधीश झाले, आणि १७२८ पर्यंत त्या पदावर होते. ज्याने आपली चूक उघड सांगितली त्याजकडे आपला खटला नेण्यास लोक भ्याले नाहीत. त्यांचा मुलगा जोसेफ हा १७१३ साली त्याच साउथ चर्चचा पाळक झाला.

त्यांच्या अंतःकरणातील पालट त्या एका दिवसापुरता नव्हता. १७०० साली त्यांनी योसेफाच्या विक्रीवरून नाव दिलेले एक छोटे पुस्तक छापिले, व माणसांस गुलाम करून विकणे हे पाप आहे असे त्यात दाखविले. गुलामगिरीविरुद्ध न्यू इंग्लंडात छापिलेले ते पहिले पुस्तक होय. त्या वेळी जॉन सॅफिन नावाच्या धनवान गृहस्थाने आपला गुलाम अॅडम यास सात वर्षांनी सोडण्याचा करार केला होता, तो पाळण्याचे तो नाकारू लागला. हा सॅफिन पुढे त्याच वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला! सूअल यांनी अॅडमची बाजू धरिली, आणि १७०३ साली अॅडम मोकळा झाला. तथापि सत्य लिहावयाचे तर हेही लिहिले पाहिजे की, गोरे व काळे लोक एका समाजात मिसळून राहू शकतील असे सूअल यांस वाटत नसे, व तसे त्यांनी त्या पुस्तकात लिहिले आहे. एका बाबतीत ज्याचे डोळे उघडले त्याचे सर्व बाबतींत उघडतात असे नाही.

मेलेल्यांस मात्र न्याय फार सावकाश मिळाला. १७११ साली कायदेमंडळाने २२ जणांवरील दोष रद्द केला व त्यांच्या घरच्यांस ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई ठरविली. पण त्याच कायद्यात, ज्या अंमलदारांनी ही माणसे धरिली व कोंडिली त्यांजवर खटला करता येणार नाही, असेही कलम घातले. १७१२ साली सेलमच्या मंडळीने रिबेका नर्स हिचा बहिष्कार मागे घेतला. तेव्हा तिला मरून वीस वर्षे होत आली होती. कित्येकांची नावे यादीत राहूनच गेली. त्यांतील काही १९५७ व २००१ साली निर्दोष ठरविली गेली, आणि शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन हिचे, २०२२ साली, म्हणजे ३३० वर्षे होता होता! अन्याय करण्यास एक उन्हाळा पुरला.

१ जानेवारी १७३० रोजी सूअल बॉस्टन येथे मरण पावले. मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाच्या दालनात १९४२ साली काढलेले एक मोठे चित्र आहे. त्यात सूअल मंडळीसमोर मान लववून उभे आहेत. कायदे करणारे लोक त्या चित्राखाली बसून आपले काम करितात.

सेलम हे नाव आपल्या लोकांस परके नाही. या घडामोडींनंतर १२० वर्षांनी, १८१२ साली, गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती यांची दीक्षा त्याच सेलम शहरातील एका चर्चमध्ये झाली, आणि हॉल १८१३ साली मुंबईस पोहोचले. ज्या गावातून आपणांकडे शुभवर्तमान आले त्याच गावात निरपराध्यांस फाशीही दिली गेली, हे आपण लपवू नये.

आणि, बंधुजनहो, चेटकीण हा शब्दही आपल्या खेड्यांस अपरिचित नाही. मूल आजारी पडले, गुरे मेली, की एखाद्या निराधार विधवेकडे बोट दाखविणारे लोक असतात. अशा वेळी दाखविणाऱ्याच्या ओरडण्यास पुरावा मानू नये. आपणही आपापल्या जागी न्याय करीत असतो. उपदेशक एखाद्याचे नाव प्रभुभोजनातून काढण्याची शिफारस करितो, वडील मंडळी भांडण तोडितात, शिक्षक मुलास शिक्षा करितो. ती शिक्षा ऐकीव गोष्टीवर झाली होती असे पुढे कळले, तर आपण काय करितो? बहुधा त्या माणसास एकीकडे बोलावून हळूच दोन गोड शब्द बोलतो. दोष मात्र त्याला सर्वांसमोर लाविलेला असतो. सूअल यांनी सर्वांसमोर दोष लाविला होता, म्हणून ते सर्वांसमोर उभे राहिले. रिबेका नर्स हिच्यासाठी ते उभे राहणे फार उशिराचे होते. ज्याचा अपमान आपण केला तो आपल्या गावात अजून जिवंत असेल, तर येत्या रविवारीच त्याच्यासाठी उठून उभे राहावे.