नाडीचें मर्म जाणणारे सर जेम्स मॅकेंझी

मनगटावर बोटें ठेवून नाडी मोजण्याचा खेळ आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एखादा ठोका चुकला कीं मुलगा घाबरतो, आणि त्याची आई त्याहून अधिक घाबरते. हें भय कोठें रास्त व कोठें अनाठायीं, हें शोधण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जेम्स मॅकेंझी यांचा जन्म सन १८५३ मध्यें स्कॉटलंडांतील स्कोन येथें एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. पाठांतरांत ते मागें असत. (अशा मुलांच्या पालकांनीं येथें क्षणभर थांबावें.) पंधराव्या वर्षीं शाळा सोडून ते पर्थ शहरीं औषधांच्या दुकानांत उमेदवारी करूं लागले. पुढें एडिंबरो येथें वैद्यकी शिकून १८७८ सालीं ते पदवीधर झाले, व लौकरच इंग्लंडांतील बर्न्ली ह्या कापडगिरण्यांच्या गांवीं जाऊन राहिले.

तेथें हृदयविकार असलेली एक तरुण गरोदर स्त्री त्यांच्या उपचाराखालीं होती. प्रसूतिसमयीं ती त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावली. आपणांस हें आधीं ओळखतां आलें असतें काय, हा प्रश्न त्यांच्या जिवाला लागून राहिला. ग्रंथांत उत्तर सांपडेना. तेव्हां त्यांनीं रोग्यांच्या नाडीचीं टिपणें ठेवण्यास आरंभ केला, आणि तींच माणसें वर्षानुवर्षें पुनःपुन्हां तपासलीं. मनगटाची नाडी व मानेंतील शिरेचें स्पंदन एकाच वेळीं कागदाच्या पट्टीवर शाईनें उमटविणारें यंत्र त्यांनीं पॅडिहॅम गांवच्या एका घड्याळजीकडून करवून घेतलें. ह्या श्रमांचें फळ म्हणजे १९०२ सालचा त्यांचा नाडीविषयक ग्रंथ.

त्यांस असें दिसलें कीं, कित्येक निरोगी माणसांत एखादा ठोका वेळेपूर्वीं पडतो व मागोमाग किंचित् विराम येतो. तेंच चुकलेल्या ठोक्यासारखें भासतें. हृदय एरवीं सुदृढ असेल तर अशीं माणसें सुखानें दीर्घकाळ जगतात. तत्पूर्वीं त्यांतील कितीकांस विनाकारण अंथरुणास खिळविलें जात असे!

पण कांहीं रोग्यांची नाडी सर्वस्वीं बेताल होई, आणि मानेंतील शिरेची एक लहर नाहींशी होई. हृदयाचे वरचे कप्पे लुळे पडले असावेत, असें मॅकेंझींस प्रथम वाटलें. १९०९ सालीं तरुण थॉमस लुइस यांनीं आइंथोव्हेन यांच्या विद्युत्-यंत्रानें दाखविलें कीं ते कप्पे लुळे नसून थरथरत असतात. मॅकेंझींनीं आपलें मत सोडून तें स्वीकारलें. अशा रोग्यांस डिजिटॅलिसनें आराम पडतो, हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें. ह्या विकारांत रक्ताच्या गांठी होऊन पक्षाघात होऊं शकतो, म्हणून बेताल नाडी किंवा ठोक्यांसह येणारी मूर्च्छा डॉक्टरांस अवश्य दाखवावी.

१९०७ मध्यें ते लंडनला गेले. १९१५ मध्यें त्यांस 'सर' ही पदवी मिळाली. परंतु रोगाची पहिली चिन्हें गांवच्या वैद्यालाच दिसतात, हा त्यांचा विश्वास ढळला नाहीं. म्हणून १९१८ सालीं, पासष्टाव्या वर्षीं, लंडनची भरभराटीची वैद्यकी सोडून ते सेंट अँड्र्यूज येथें संशोधनासाठीं गेले. तोंवर त्यांच्या स्वतःच्या हृदयांत कळा येऊं लागल्या होत्या. त्यांचींही ते टिपणें ठेवीत. ता. २६ जानेवारी १९२५ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या मित्रांनीं तें हृदय उघडून तपासलें.