टर्बोवाली कार शोरूममध्ये आली तेव्हा टर्बोचा जनक जाऊन तीन वर्षं झाली होती

हायवेवर समोर ट्रक आहे, ओव्हरटेक मारायचाय. तुम्ही एक्सलरेटर दाबता आणि क्षणभर काहीच होत नाही. मग अचानक मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटते. गाडी 70 लाखांची एसयूव्ही असली तरी हा अनुभव येऊ शकतो. यालाच म्हणतात टर्बो लॅग.

ज्याच्या डोक्यातून हा टर्बो निघाला, त्या माणसाला या लॅगचा कधी फारसा त्रास झाला नाही. कारण त्याचा टर्बो कारसाठी नव्हताच.

त्याचं नाव अल्फ्रेड ब्युखी. जन्म 1879 चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. हे गाव म्हणजे तेव्हा कारखान्यांचं गाव, आणि त्यातला मोठा कारखाना सुल्झर कंपनीचा. ब्युखीचे वडील तिथेच मोठ्या हुद्द्यावर. त्यामुळे इंजिनं, धूर आणि ग्रीस हे पोराने लहानपणापासून पाहिलेलं. झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून 1903 मध्ये तो इंजिनियर झाला आणि बेल्जियम, इंग्लंडमध्ये नोकरी करायला बाहेर पडला.

तिथे त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. इंजिनात इंधन जळतं, पण त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं इंधन आपण हवेत सोडतोय. मग याच धुरावर एक पातं फिरवलं, आणि त्याच पात्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबली तर? जास्त हवा गेली की जास्त इंधन जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते.

1905 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. वय 26.

पुढची 20 वर्षं मात्र फार हाती लागलं नाही. ब्युखी परत विंटरथूरला आला आणि सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांवर प्रयोग करत राहिला. 1915 च्या आसपास टर्बो लावलेलं डिझेल इंजिन उभंही राहिलं, पण भरवशाने चालेना. कल्पना चुकीची नव्हती, काळ मागे होता. लालभडक तापलेल्या धुरात सतत फिरत राहील असा धातू आणि तसे बेअरिंग तेव्हा सहज मिळत नव्हते.

पहिलं मोठं यश आलं ते समुद्रात. 1920 च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवला गेला. इंजिनं 10 सिलिंडरची. त्यांची ताकद 1750 वरून थेट 2500 अश्वशक्तीवर गेली.

आता इथे लॅग का नडला नाही? जहाज तासन् तास एकाच वेगाने चालतं. त्याला सिग्नलवर थांबायचं नसतं, ओव्हरटेक करायचं नसतं. एकदा टर्बो फिरायला लागला की तो फिरतच राहतो.

पण ब्युखीचं खरं डोकं दिसतं ते पुढच्या कामात. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच पाइपात सोडला की गोंधळ होतो. एका सिलिंडरचा धूर बाहेर येताना दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो आणि त्याचा जोर मरतो. 1925 मध्ये ब्युखीने यावर पेटंट घेतलं. सिलिंडरचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळा अरुंद पाइप द्यायचा, म्हणजे धुराचा प्रत्येक धक्का ताजाच्या ताजा पात्यावर आदळतो. पुढच्या वर्षी ब्राऊन बोव्हेरी आणि विंटरथूरच्याच इंजिन कारखान्यासोबत त्याने सिंडिकेट काढलं आणि जहाजं, रेल्वे, वीजघरं अशी ही पद्धत पसरली. 1938 मध्ये सॉरर या स्विस कंपनीचा टर्बो ट्रकही आला.

1959 मध्ये ब्युखी विंटरथूरलाच वारला. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअरची टर्बो कार विक्रीला आली.

आणि लॅगची कटकट लोकांच्या दारात पोहोचली. कारचा वेग सारखा कमीजास्त होतो. पाय उचलला की धूर कमी, टर्बो मंद. परत दाबला की त्याला मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोच वेळ म्हणजे लॅग.

आज ब्रोशरमध्ये 'ट्विन-स्क्रोल टर्बो' असं झोकात लिहिलेलं असतं ना, ते काय आहे? चार सिलिंडरपैकी 1 आणि 4 चा धूर एका वाटेने, 2 आणि 3 चा दुसऱ्या. म्हणजे ब्युखीचीच 1925 ची गटबाजी! 2016 च्या ऑडी एसक्यू7 ने वेगळी वाट घेतली. धूर कमी असेल तेव्हा विजेवर फिरणारा एक जादा कॉम्प्रेसर पाव सेकंदात हवा भरू लागतो.

थोडा लॅग हा टर्बोचा स्वभावच आहे, त्यावर खर्च करू नका. पण काल नव्हता आणि आज वाढलाय, तर बिघाड आहे. तो शोधतानाही ब्युखीचीच साखळी धरायची, हवा आत कुठून येते आणि धूर बाहेर कुठून जातो. इंटरकूलरचा पाइप चिरला असेल तर कोंबलेली हवा वाटेतच गळते. दाबल्यावर फुस्स असा आवाज आणि डिझेल गाडीत काळा धूर ही त्याची खूण. एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो. नेहमी जवळच्या जवळ फिरणाऱ्या डिझेल गाडीत टर्बोच्या हलत्या पाकळ्या काजळीने अडकतात.

चांगला मेकॅनिक स्कॅनर लावून गाडी चालवतो आणि इंजिनाने मागितलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब ताडून बघतो. दोन्हीत फरक असेल तर आधी पाइप, क्लिपा, फिल्टर आणि पाकळ्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर तपासायचा. लक्झरी एसयूव्हीचा टर्बो बदलायचा खर्च लाखांत जाऊ शकतो, आणि दोष कधी कधी एका चिरलेल्या रबरी पाइपाचा निघतो.