चार्ल्स बॅबेज: चुकलं की घंटा वाजवणारं मशीन

अ‍ॅप क्रॅश झालं की आपण वैतागतो. पण गपचूप चुकीचं उत्तर दाखवणारं अ‍ॅप त्याहून घातक! लंडनच्या चार्ल्स बॅबेजना (१७९१-१८७१) हे घरोघरी वीज यायच्या आधीच कळलं होतं.

१८२१ मध्ये ते मित्र जॉन हर्शेलसोबत खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत होते. माणसांनी हाताने केलेली आकडेमोड, त्यामुळे चुकाच चुका. जहाजंही अशाच कोष्टकांवर चालायची, म्हणजे आकडा चुकला तर थेट खडकावर. हे काम मशीननेच करावं, असं बॅबेजनी ठरवलं. त्यांच्या डिफरन्स इंजिनची रचनाच अशी, की चाक दोन आकड्यांच्या अधेमधे राहिलं तर अख्खं मशीन जॅम व्हावं. मुद्दाम!

पुढच्या अ‍ॅनालिटिकल इंजिनची आयडिया तर भारीच. लॉगॅरिदम लागला की मशीन थांबणार, घंटा वाजवणार आणि कोणतं कार्ड हवं ते दाखवणार. माणसाने कार्ड घातलं की त्यावरचा नंबर मागितलेल्या नंबरातून वजा करून बघणार. शून्य आलं तर काम पुढे सुरू. नाहीतर आणखी मोठी घंटा, आणि कार्ड चुकल्याची पाटी. आपल्या ट्राय-कॅचचे हे पणजोबाच म्हणा ना. (कॅच ब्लॉक रिकामा सोडणाऱ्यांनी हा पॅरा दोनदा वाचावा.)

डिफरन्स इंजिनवर सुमारे १७ हजार पौंड घालून सरकारने १८४२ मध्ये हात काढून घेतला. बॅबेज गेले तेव्हा एकही इंजिन पूर्ण नव्हतं. डिफरन्स इंजिन नंबर २ लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्याच ड्रॉइंगवरून बनवलं, १९९१ मध्ये. ३१ अंकांपर्यंतची गणितं ते बरोबर करतं.