कॅप्टन रूपसिंग

हॉकीपटू ध्यानचंद यांचे नाव आपल्या शाळेतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचे मात्र थोड्यांनाच. वस्तुतः आम्हां उज्जैनकरांस ते अधिक जवळचे. कारण आपले नगर पूर्वी ज्या ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे, त्याच संस्थानच्या फौजेत ते नोकरीस होते.

रूपसिंगांचा जन्म १९०८ साली जबलपूर येथे एका सैनिकाच्या घरी झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आघाडीच्या मध्यभागी ध्यानचंद आणि त्यांच्या डाव्या बाजूस रूपसिंग अशी जोडी खेळली. भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. त्यांत रूपसिंगांचे १० गोल होते, ध्यानचंदांचे ८. स्पर्धेतील दोन्ही सामने मिळून धाकट्याचे १३ आणि थोरल्याचे १२ गोल झाले.

तरीही कीर्ती थोरल्याच्याच वाट्यास अधिक आली. अशा ठिकाणी मनात मत्सर शिरण्यास कितीसा वेळ लागतो? परंतु १९३६ साली बर्लिन येथे रूपसिंग बंधूंच्याच नेतृत्वाखाली खेळले आणि अंतिम सामन्यात भारताने जर्मनीस ८ विरुद्ध १ असे नमविले.

१९७७ साली ग्वाल्हेर येथे त्यांचे निधन झाले. तेथील क्रीडांगणास त्यांचे नाव आहे. २०१० साली सचिन तेंडुलकरांनी आपले द्विशतक तेथेच झळकाविले.

नामवंत भावंडांच्या पाठीवर जन्मलेले आमच्यातही पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या मोठेपणाने आपण लहान होत नाही, हे रूपसिंगांच्या चरित्रावरून आम्ही शिकावे.